परिषद, प्रवास आणि आपले पथ्य

रोग्याला पथ्य सांगणे हा आपला नित्याचा व्यवहार. ते स्वतः पाळण्याची वेळ आली की मात्र आपण सबबी शोधतो. स्मरणिकेच्या निमित्ताने अशाच एका पथ्याविषयी, आधी स्वतःची कबुली देऊन, लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी युरोपातील एका आंतरराष्ट्रीय बालरोग परिषदेत मी शोधनिबंध वाचला. वाचनास आठ मिनिटे मिळाली. त्यासाठी राजेगावाहून नागपूर, तेथून मुंबई, पुढे आखातात विमान बदलून युरोप. तीन दिवसांचा मुक्काम आणि त्याच मार्गाने परत. परिषदेत मिळालेल्या तागाच्या पिशवीवर ‘पृथ्वी वाचवा’ अशा अर्थाचे वाक्य होते. ती मी कौतुकाने मिरवली. परतलो तो मे महिन्यात. उन्हाने कोमेजलेली, अंगातील पाणी आटलेली बालके घेऊन माता दवाखान्याच्या ओसरीत बसल्या होत्या. त्यांच्यापैकी कोणी कधी विमानात बसली असेल, असे मला वाटत नाही.

मुंबईहून लंडनला विमानाने जाऊन येण्यात दरमाणशी, मोजण्याच्या पद्धतीनुसार, साधारण एक ते दोन टन कार्बन उत्सर्जन होते. सरासरी भारतीयाचे वर्षभराचे उत्सर्जन सुमारे दोन टन आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या अधिवेशनास सुमारे २८ हजार प्रतिनिधी आले. त्यांच्या केवळ प्रवासाचे उत्सर्जन सुमारे ८० हजार टन झाले, असा हिशेब २०२० साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे दरडोई जवळजवळ तीन टन! त्यापुढे पिशवी, बाटली आणि कागदी कार्यक्रमपत्रिका यांची काटकसर किरकोळ ठरते. खरा प्रश्न प्रवासाचा आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये जगातील दोनशेहून अधिक वैद्यकीय नियतकालिकांनी हवामानबदल हे आरोग्यावरील संकट असल्याचे एकाच संपादकीयातून बजावले. ते वाचून आपण माना डोलावल्या आणि पुढच्या परिषदेची तिकिटे काढली.

मग परिषदा बंद कराव्यात काय? मुळीच नाही. गाठीभेटींतून जे शिकायला मिळते ते पडद्यावर पूर्णपणे मिळत नाही, हा माझाही अनुभव आहे. परंतु ज्ञान पोहोचण्यासाठी प्रत्येक वेळी माणसाने उडालेच पाहिजे, असेही नाही. आपल्या जिल्ह्यातून वाहणारी वैनगंगा पुढे गडचिरोलीकडे जाते. त्या गडचिरोलीतील खेड्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांच्या घरोघरी सेवेचा प्रयोग केला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला त्याचा निबंध हजारो डॉक्टरांनी आपापल्या जागी बसूनच वाचला.

माझे म्हणणे थोडक्यात असे. निबंध वाचून परत यायचे एवढेच काम असेल, तर ते दूरस्थ पद्धतीने करावे. परिषद देशात असेल तर रेल्वे निवडावी. फेब्रुवारी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय बालरोग परिषद गांधीनगरला भरली, आणि गोंदियाहून अहमदाबादला थेट गाडी आहे. परदेशी जाणे अटळच असेल, तर गोंदियाहून मुंबईपर्यंत विदर्भ एक्सप्रेसने जावे, पुढे शक्यतो थेट विमान घ्यावे आणि साध्या वर्गाने जावे. अधिक जागा व्यापणाऱ्या वरच्या वर्गाच्या आसनामागे उत्सर्जनही कितीतरी अधिक. तीन दिवसांसाठी धावण्याऐवजी तेथील एखाद्या रुग्णालयात चार आठवडे राहून काही शिकून यावे.

सर्वांत कठीण पथ्य आम्हां ज्येष्ठांसाठी आहे. लहान गावातील तरुण डॉक्टरला पहिली परदेशवारी नाकारणे अन्यायाचे होईल. त्याला जग अजून पाहायचे आहे. आम्ही ते पाहिले आहे. तेव्हा जागा आम्ही सोडावी. यंदा मला एक निमंत्रण आले आहे. मी दूरस्थ व्याख्यानाची अनुमती मागितली असून, प्रवासासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून आपल्यातील एखाद्या तरुण सहकाऱ्याच्या प्रशिक्षणास हातभार लावण्याची इच्छा आहे. प्रतिष्ठा थोडी कमी होईल, मनही थोडे खट्टू होईल. पथ्य म्हटले की तेवढे चालायचेच.