उत्तरपत्रिका परत येतील काय?

वणीच्या परिसरात चैत्र म्हणजे सप्तशृंगी गडावरील उत्सवाचे दिवस. 2025 साली हा उत्सव 6 एप्रिलच्या रामनवमीपासून 12 एप्रिलच्या पौर्णिमेपर्यंत चालला आणि शिक्षण खात्याने शाळांच्या वार्षिक परीक्षा व संकलित चाचण्यांसाठी राज्यभर नेमून दिलेले दिवस होते 8 ते 25 एप्रिल. वेळापत्रक सर्व राज्यास एकच करावयाचे म्हटले की कुठल्या तरी गावाची यात्रा त्यात सापडणारच. त्याबद्दल खात्यास दोष देण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न आहे तो शेवटच्या पेपरानंतरचा. 25 तारखेस पेपर संपावयाचा, 1 मे रोजी निकाल लावावयाचा आणि लगेच उन्हाळ्याची सुटी. चौथीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही हे शिक्षकास कळते तेव्हा ते मूल वर्गातून निघालेले असते.

समान चाचणीस सरसकट विरोध करणे मात्र योग्य नव्हे. 2010 साली शिक्षणहक्क कायद्याबरोबर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. कल्पना उत्तम होती, पण तयार वर्णनात्मक नोंदींची पुस्तके बाजारात मिळू लागली आणि 'उत्साहाने सहभागी होतो' हे वाक्य वर्गातील निम्म्या मुलांच्या नावापुढे उमटू लागले. आपला मुलगा वाचतो तरी कसा, हे वणीतील पालकास त्या नोंदींवरून उमगणे कठीणच होते. म्हणून 22 जून 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' निर्णयानंतर पायाभूत चाचण्या सुरू झाल्या; 2023-24 पासून तिसरी ते आठवीस भाषा, गणित व इंग्रजीच्या नियतकालिक चाचण्या आल्या. पुण्याच्या आणि वणीच्या मुलास एकच माप लागावे, यात न्यायच आहे.

परंतु प्रश्नपत्रिका एक छापली म्हणून चाचणी प्रमाणित होत नाही. ती कोणत्या मुलांवर आधी पडताळली, हे महत्त्वाचे. बिने यांनी 1905 साली फ्रान्समध्ये पहिली कसोटी रचली ती कोणत्या मुलास अधिक मदत हवी हे ओळखण्यासाठी. पहिला-दुसरा क्रमांक लावण्यासाठी नव्हे. पुढे धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी तीच मराठी व कानडी मुलांसाठी तयार केली, तेव्हा नुसत्या भाषांतरावर न थांबता इथल्या मुलांवर प्रश्न पारखून घेतले. आज दिंडोरी तालुक्यात द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून मजूर कुटुंबे येतात. घरी कोकणा बोली बोलणारे मूल गणिताचे शाब्दिक उदाहरण सोडून देते, तेव्हा त्यास गणित येत नाही की वाक्य कळले नाही? गुणांचा आकडा हे सांगत नाही. कोरा सोडलेला कागद पाहून, मुलास जवळ बसवून शिक्षकच ते सांगू शकतो. पण त्याचा वेळ तर गुण संगणकात भरण्यात जातो!

शिवाय एकाच आकड्यावर दोन कामे लादली जातात. मुलाचे अडते कुठे हेही त्यातून शोधावयाचे आणि शाळा पुढे की मागे हेही ठरवावयाचे. आपल्याच वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाचे आकडे तालुक्याच्या बैठकीत मोठ्याने वाचले जाऊ लागले, की आकडा सुधारतो आणि मूल आहे तिथेच राहते. यात शिक्षकाच्या सचोटीवर संशय घेण्याचे कारण नाही; तराजूच तसा टांगला आहे. राज्याचे चित्र हवे असेल तर निवडक शाळांची पाहणी पुरते. 4 डिसेंबर 2024 रोजी तिसरी, सहावी व नववीची राष्ट्रीय पाहणी अशीच झाली.

शाळेतील चाचणी शाळेसाठी राहू द्यावी. पायाभूत चाचणीनंतर पंधरा दिवस नवा पाठ न घेता चुकलेल्या प्रश्नांवर काम करण्याची मोकळीक द्यावी; केंद्राच्या शिक्षण परिषदेत टक्केवारीऐवजी कोणता प्रश्न सर्वत्र चुकला याची चर्चा व्हावी. आणि वस्तीवरच्या चौथीपर्यंतच्या शाळेतून मूल पाचवीसाठी मोठ्या गावातील शाळेत जाते, तेव्हा दाखल्यासोबत त्याची भाषेची व गणिताची शेवटची उत्तरपत्रिकाही पाठवावी. पाचवीच्या शिक्षकाला जूनमध्ये ती पहिल्याच आठवड्यात लागेल.