दुसरा वेग कशासाठी?

‘स्पर्धेच्या रोबोटचा गिअरबॉक्स बाजारात तयार मिळतो, मग मुलांनी अभ्यासाचे तास त्यात का घालवावेत?’ असे एका पालकांनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. वसतिगृहातील मुलाच्या प्रत्येक तासामागे घरच्यांचे कष्ट असतात. तरीही माझे मत असे, की गिअरबॉक्स विकतचा असला तरी त्याची आखणी मुलांनीच करावी.

अमेरिकेत 1992 साली सुरू झालेल्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेचे उदाहरण घेऊ. तेथे रोबोटला सुमारे साडेसोळा मीटर लांबीच्या मैदानावर धावावे लागते आणि प्रसंगी प्रतिस्पर्ध्याला रेटावेही लागते. या गरजा परस्परविरोधी आहेत. तेथे दीर्घकाळ वापरली गेलेली सिम मोटर भाराविना मिनिटाला सुमारे 5,300 फेरे घेते. सहा इंची चाकासाठी हा वेग साडेआठ पटीने घटवला, तर रोबोटचा सैद्धांतिक वेग सेकंदाला पाच मीटर येतो. पण 68 किलोचा रोबोट, चांगल्या पकडीची चाके घसरेपर्यंत रेटू लागला, तर चार मोटरींपैकी प्रत्येकीला सुमारे 90 अँपिअर लागतात. तिचा ब्रेकर मात्र 40 अँपिअरचा. घट 21 पट केली की मागणी 40च्या आसपास येते आणि वेग दोन मीटरवर उतरतो. चढावर सायकलचा गिअर बदलणाऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही.

म्हणून दोन वेग. दंतचक्रांच्या दोन्ही जोड्या सतत गुंतलेल्या असतात. दांड्यावर मोकळ्या फिरणाऱ्या दोन चक्रांमधील दातेरी कडी हवेच्या दट्ट्याने सरकते आणि त्यांपैकी एकाला दांड्याशी जखडते. परंतु त्यासोबत वजन, हवेची टाकी आणि बिघाडाची एक नवी जागाही येते. रेटारेटी करायचीच नसेल, तर एकच मधला वेग पुरेसा.

हा निवाडा करणे हेच खरे शिक्षण होय. हिशेब मांडून एखादी मुलगी म्हणाली, ‘आपल्याला दुसरा वेग नको’, तर तो तिचा पराभव नव्हे. आपल्या समाजाला यंत्रे चालवण्याची कामे पुष्कळ मिळाली. यंत्र कसे असावे हे ठरवण्याची खुर्ची क्वचितच. त्या खुर्चीची सवय शाळेतच लागली पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: देणगीसोबत वर्षातला एक रविवार द्यावा, मुलांची आकडेमोड तपासावी, आणि चुकलेले चक्र त्यांना पुन्हा कापू द्यावे.