घरचे वर्कशॉप : उजेड कामावर पडू द्या

विळ्याला धार लावायची, पंपाचा बोल्ट कापायचा, म्हणून अनेकांनी गोठ्याशेजारी छोटे वर्कशॉप थाटले आहे. पण तेथे दिवा बहुधा एकच, तोही पाठीमागे! आपलीच सावली कामावर पडते, आपण वाकतो आणि बोट चाकाजवळ जाते.

उपाय सोपा आहे. भिंतींना पांढरा चुना द्या. टेबलावर, डोक्याच्या थोडा पुढे दिवा टांगा. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी दुसरा दिवा डावीकडे लावावा. उजेड डोळ्यांत येऊ नये म्हणून त्याला पत्र्याची टोपी घाला.

एक धोका ध्यानात ठेवा. जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. लेथचा चार जबड्यांचा चक मिनिटाला १५०० फेरे घेत असला, तरी तिच्या उजेडात थांबल्यासारखा दिसू शकतो. काही एलईडी दिवेही असेच लुकलुकतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा यंत्राजवळ नको.

व्हाइसचे जबडे कोपराच्या उंचीवर बसवा, म्हणजे कंबर भरून येणार नाही. फरशी थंड असेल तर सपाट लाकडी फळीवर उभे राहा. दिवा पुन्हा विकत आणता येतो, बोट नाही!