पाचशे तासांचा हिशेब

बारावी सायन्सचा निकाल लागला की तालुक्यातालुक्यांत फार्मसी कॉलेजांचे फ्लेक्स लागतात. पांढरा एप्रन घातलेली हसरी मुलगी, कोपऱ्यात संस्थाध्यक्षांचा फोटो आणि ‘डी. फार्म. : प्रवेश सुरू’. नीटला मार्क कमी पडलेत, इंजिनिअरिंगची चार वर्षे झेपणारी नाहीत, अशा घराला या दोन वर्षांच्या पदविकेचा मोठा आधार वाटतो. तो वाटण्यात काही चूक नाही. मुलगी सकाळच्या एसटीने जाते, संध्याकाळी घरी परतते, वसतिगृहाचा खर्च वाचतो आणि पुढे कुठेतरी नोकरी किंवा गावातच स्वतःचे मेडिकल टाकता येते. गावाजवळच्या छोट्या खासगी कॉलेजची ही खरी ताकद आहे. म्हणूनच फ्लेक्सवर जे कधी छापले जात नाही, ते विचारायला हवे.

डी. फार्म. दोन वर्षांच्या वर्गांवर संपत नाही. त्यानंतर रुग्णालयात किंवा औषध दुकानात, किमान तीन महिन्यांत मिळून, ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण नियमाने सक्तीचे आहे. चिठ्ठी वाचणे, डोस तपासणे, औषधे साठवणे, नोंदी ठेवणे हे सगळे तिथेच हाताखालून जायचे असते. काउंटरवर काय घडते ते पाहिले की या तासांची किंमत कळते. एक म्हातारे गृहस्थ दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या घेऊन येतात. गोळ्यांची नावे वेगळी, कंपन्या वेगळ्या. पण दोन्हींत ग्लिमेपिराइडच. दोन्ही घेतल्या तर साखर धोकादायक उतरेल. दम्याची कॅप्सूल यंत्रात घालून श्वासाने ओढायची असते, हे कोणी न सांगितल्यामुळे ती पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण असतात. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिले पाहिजे आणि फ्रीजरला तर मुळीच चिकटता कामा नये. हे सगळे पुस्तकात आहे, परीक्षेतही विचारले जाते. पण समोर पाच गिऱ्हाइके ताटकळत उभी असताना त्या म्हाताऱ्यांना थांबवून ‘आजोबा, ही दुसरी चिठ्ठी कुणाची?’ असे विचारण्याची सवय अनुभवी फार्मासिस्टच्या शेजारी उभे राहूनच लागते.

नेमके हेच तास अनेक ठिकाणी कागदावर भरले जातात. ओळखीच्या मेडिकलचा शिक्का, मालकाची सही, की झाले प्रशिक्षण. ६० जागांच्या एका तुकडीचे हे तास ३० हजार होतात. ज्या तालुक्यात अशी तीन-चार कॉलेजे आहेत, तिथे एवढ्या मुलांना खरोखर शिकवू शकणारी दुकाने आणि रुग्णालये कुठून आणली, हे कॉलेजला मान्यता देताना कोणी विचारते का? इमारतीचे चौरस फूट मोजले जातात, ग्रंथालयातली पुस्तके मोजली जातात. मोजायला हवेत ते तास मोजले जात नाहीत. फार्मासिस्टचे सर्टिफिकेट भाड्याने लावून चालणाऱ्या मेडिकलांबद्दल आपण नेहमी संताप व्यक्त करतो. २०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना अशा दुकानांवर कारवाई झाली, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! पण ज्या मुलाला खोट्या सहीवर प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा दाखला कॉलेजनेच मिळवून दिला, तो पुढे स्वतःचे सर्टिफिकेट महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर कुणाच्या तरी भिंतीवर टांगायला तयार झाला, तर पहिला दोष त्याचा नाही.

भारतीय फार्मसी परिषदेने २०१९ मध्ये नव्या कॉलेजांना पाच वर्षे मनाई करून पाहिली. ती न्यायालयात टिकली नाही. नुसत्या प्रशासकीय ठरावाने संस्था काढण्याचा मूलभूत हक्क रोखता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले, आणि महाराष्ट्रात कॉलेजांचे पेव फुटले. दरम्यान पदविकेनंतर नोंदणीसाठी बहिर्गमन परीक्षाही आली. तीन पेपर, प्रत्येकात ५० टक्के. पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. परीक्षा हवीच. पण पर्यायांपुढे खूण करून त्या म्हाताऱ्यांची दुसरी चिठ्ठी हाताळता येते की नाही, ते कळत नाही.

डी. एड.चे काय झाले, हे महाराष्ट्राने फार जवळून पाहिले आहे. तीही बारावीनंतरची दोन वर्षेच होती, आणि तिथेही गल्लोगल्ली विद्यालयांना परवानग्या वाटल्या गेल्या. २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबली, २०१३ च्या डिसेंबरात पहिली शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) झाली, आणि हातात पदविका घेऊन हजारो मुले-मुली वर्षानुवर्षे ताटकळली. विद्यालयांना कुलपे लागली. संस्थाचालकांनी दुसरे कोर्स काढले. शेत गहाण टाकून फी भरलेल्या बापाला दुसरे शेत काढता आले नाही.

फार्मसीत हे टाळता येईल. मागणी साधी आहे. प्रत्येक कॉलेजपुढे गेल्या तीन वर्षांचे पाच आकडे लिहा : प्रवेश किती, उत्तीर्ण किती, ५०० तास कुठल्या दुकानांत किंवा रुग्णालयांत झाले आणि तिथे एकेका वेळी किती मुले होती, बहिर्गमन परीक्षा किती जण पास झाले, राज्य परिषदेत नोंदणी किती जणांची झाली. ही माहिती आजही तंत्रशिक्षण मंडळ, परीक्षा घेणारी यंत्रणा, राज्य फार्मसी परिषद आणि खुद्द कॉलेज यांच्या दप्तरांत विखुरलेली आहे. ती एकत्र करून तंत्रशिक्षण संचालनालयाने प्रवेशफेरीच्या वेळी पसंतीक्रमाच्या यादीतच दाखवावी. अनेक मुलांची फी शिष्यवृत्तीच्या रूपाने सरकारी तिजोरीतून जाते, तेव्हा ही माहिती खासगी संस्थेची खासगी बाब राहत नाही.

मुले अभ्यास करत नाहीत, निकाल आमच्या हातात कसा, असे संस्थाचालक म्हणतील. निकालाचे एक वेळ सोडून देऊ. मुलगा तीन महिने कुठल्या दुकानात, कुणाच्या शेजारी उभा होता, हे तर त्यांच्या हातात आहे. ज्या कॉलेजचे प्राध्यापक आजही मोटारसायकलवर फिरून मुलांची हजेरी काउंटरवर जाऊन तपासतात, त्यांना या यादीची भीती वाटणार नाही. उलट शेजारच्या चकचकीत इमारतीपेक्षा आपले कॉलेज चांगले का, हे पालकांना दाखवायला त्यांच्या हाती पहिल्यांदाच काहीतरी येईल.