उरलेली दोन काळी घरं

गेल्या रविवारी जुन्या लग्नपत्रिका कापून 31 पट्ट्या केल्या. एक पट्टी म्हणजे बुद्धिबळाच्या पटावरची शेजारशेजारची दोन घरं. मग पटाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एकेक नाणं ठेवलं. 64 मधून दोन गेली, उरली 62. एकतीस दुणे बासष्ट, हिशेब चोख. नाण्यांची घरं सोडून बाकी पट पट्ट्यांनी झाकायचा. तत्त्वज्ञ मॅक्स ब्लॅक यांचं हे कोडं 1946चं.

जेवणाची हाक येईपर्यंत मी झगडत होतो. दर वेळी हातात एक पट्टी आणि पटावर दोन घरं उरायची, तीही एकमेकांपासून लांब. एवढी एक बसली की झालं, असं निदान दहा वेळा वाटलं. मधेच भाची पाणी प्यायला आली. "मामा, दोन्ही पांढऱ्याच घरांवर का ठेवलीस नाणी?" एवढं विचारून गेली. मी नुसतं "हं" केलं.

वरणभात कालवताना एकदम लख्ख दिसलं. पट्टी आडवी ठेवा की उभी, ती एक काळं आणि एक पांढरं घर झाकणार. आता पांढरी 30 आणि काळी 32. जमणारच नाही! आणि दर वेळी उरणारी ती दोन घरं? दोन्ही काळी. तासभर डोळ्यांसमोर होती, पण रंग म्हणजे पटाची नक्षी, असं मी धरून चाललो होतो.

जॅनेट मेटकाफ आणि डेव्हिड वीब यांनी 1987 मध्ये कोडी सोडवणाऱ्यांना दर पंधरा सेकंदांनी विचारलं, उत्तराच्या किती जवळ आलात? बीजगणित सोडवणारे हळूहळू जवळ येत होते. असली कोडी सोडवणाऱ्यांना मात्र उत्तर सापडण्याच्या जरा आधीपर्यंत काहीच सुगावा नव्हता. माझंही तेच. वाढता उजेड वगैरे काही नाही, बटण दाबावं तसं.

पण बटण कोणी दाबलं? नॉर्मन मायर यांच्या 1931च्या प्रयोगात छताला दोन दोऱ्या टांगलेल्या होत्या. दोन्हींची टोकं एकत्र बांधायची, पण एक धरली की दुसरीपर्यंत हात पोचत नाही. अडलेल्यांच्या समोरून जाताना मायर सहज लागल्यासारखा धक्का देऊन एक दोरी हलवत. थोड्याच वेळात अनेकांना सुचे: दोरीला पक्कड बांधून झोका द्यावा. कसं सुचलं म्हणाल, तर त्या धक्क्याचं नाव बहुतेकांनी घेतलंच नाही. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना तो जाणवलाच नव्हता.

तासभराची माझी खटपट फुकट गेली असं मात्र मी म्हणणार नाही. पट्ट्या घेऊन न झगडलेल्या माणसाला भाचीच्या प्रश्नानं काय कळलं असतं? तरीही ताटावरून उठता उठता "सुटलं, मीच सोडवलं" अशी जी घोषणा मी घरात केली होती, ती या सदरातून मागे घेत आहे.