इतवारीच्या तराजूत परराष्ट्रनीती

नागपूरच्या इतवारीत सकाळी फेरफटका मारावा. सराफा ओळीत अजून फळ्या निघत असतात. पण किराणा ओळीत हमाल तेलाचे डबे आणि डाळींची पोती उतरवू लागलेले असतात. येथील ठोक व्यापाऱ्याला विदर्भातील पावसाची जेवढी चिंता, तेवढीच जकार्ता आणि क्वालालंपूर येथील निर्णयांचीही असते. परराष्ट्रनीती हा दिल्लीतील मुत्सद्द्यांचा विषय, असे मानणाऱ्यांनी हा बाजार अवश्य पाहावा.

भारताची गणना अनेक अभ्यासक 'मध्यम शक्ती'त करतात, तर काहींना तो उदयोन्मुख महाशक्ती वाटतो. या नामाभिधानाच्या वादात न पडता एक साधी कसोटी लावू या. समर्थ राष्ट्र कोणते? ज्याला प्रसंगी 'नाही' म्हणता येते आणि त्याची किंमत सोसता येते, ते.

सप्टेंबर २०१९ मध्ये मलेशियाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत काश्मीरविषयी भारतावर टीका केली. जानेवारी २०२० मध्ये भारताने शुद्ध केलेल्या पामतेलाची आयात निर्बंधित यादीत टाकली. आदेशात मलेशियाचे नाव नव्हते. रोख मात्र जगाला कळला. प्रत्युत्तर देण्याइतका आपला देश मोठा नाही, अशी कबुली महाथीर यांनी दिली. तेव्हा अनेकांना समाधान वाटले, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु ही खंबीरता आपल्याला परवडली, कारण पामतेल देणारा दुसरा देश, इंडोनेशिया, उपलब्ध होता.

अवघ्या दोन वर्षांत चित्र पालटले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटले आणि सूर्यफूल तेलाची वाट अडली. त्यापाठोपाठ २८ एप्रिल रोजी इंडोनेशियाने स्वतःच्या ग्राहकांसाठी पामतेलाची निर्यात थांबविली. ती बंदी २३ मे रोजी उठली. तोपर्यंत इतवारीतील डब्याच्या भावाने सामान्य गृहिणीचे अंदाजपत्रक विस्कटले होते. इंडोनेशियाचे आपल्याशी वैर नव्हते. त्याने केवळ आपले हित पाहिले. मग दोष कोणाचा? खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक भाग परदेशातून आणणाऱ्या आपलाच!

डाळींचे चित्र याहून फार वेगळे नाही. तुरीसाठी आपण मोझांबिक, मलावी आणि म्यानमार यांच्याशी करार केले. स्रोत अनेक असावेत, हे धोरण शहाणपणाचेच आहे. परंतु २०२३ च्या अखेरीस मोझांबिकमधील वादात भारताकडे निघालेली तूर बंदरातच अडकून पडली. करार म्हणजे कोठार नव्हे, हा त्यातील धडा.

इतिहासाने हा धडा पूर्वीच दिला होता. १९६५-६६ च्या दुष्काळात देश अमेरिकेच्या 'पीएल-४८०' गव्हावर अवलंबून होता. व्हिएतनामबाबत भारताने घेतलेली भूमिका राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना रुचली नाही आणि गव्हाची जहाजे हात आखडता ठेवून सोडली गेली. त्या अपमानातून निश्चय जन्मला. हरितक्रांतीने कोठारे भरली. १९७१ मध्ये अमेरिकेचे आरमार बंगालच्या उपसागरात शिरले, तरी भारत डगमगला नाही. त्या धैर्यामागे सैन्याचा पराक्रम आणि सोव्हिएत संघाशी झालेला करार होताच. पण पंजाबच्या शेतातील गहूही होता.

आज ती जबाबदारी विदर्भातील सोयाबीन आणि तूर पिकविणाऱ्या शेतकऱ्यावर आहे. त्याच्याशी आपण कसे वागतो? सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरील आयात शुल्क वाढविले. मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरील शुल्क पुन्हा घटविले. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळा वाटाणा शुल्कमुक्त केला आणि त्याचा दबाव देशी डाळींवर आला. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात शेतकऱ्याला त्याहून कितीतरी कमी भाव घ्यावा लागला. पेरणीच्या वेळी एक धोरण आणि काढणीच्या वेळी दुसरे, असे झाल्यास तो या पिकांकडे का वळावा?

यावर शहरी मध्यमवर्ग म्हणेल, महागाई कोणी सोसायची? प्रश्न रास्त आहे. गरिबाच्या ताटातील वरण महाग करून राष्ट्र समर्थ होत नाही. त्याच्यासाठी शिधावाटप दुकानांतून डाळ-तेल देण्याची सोय हवी. मात्र आपण, ज्यांना परवडते ते, दूरचित्रवाणीसमोर बसून कणखर परराष्ट्रनीतीची मागणी करणार आणि डाळ किलोमागे दहा रुपयांनी वाढली की आयात खुली करा म्हणणार, ही विसंगती नव्हे काय?

आयात शुल्क पेरणीपूर्वी जाहीर व्हावे आणि हंगामभर स्थिर राहावे. हमीभावाने खरेदी कागदावर न राहता प्रत्यक्ष व्हावी. आणि स्वस्ताईच्या वर्षी सरकारी साठा भरून ठेवावा. ही मागणी कृषी मंत्रालयाइतकीच परराष्ट्र मंत्रालयाचीही असली पाहिजे.

जगाच्या व्यासपीठावर भारताचा शब्द किती वजनाचा, हे अखेर इतवारीच्या तराजूतही मोजले जाते. त्या तराजूच्या एका पारड्यात आपल्या शेतकऱ्याचे पोते असले पाहिजे. ते तेथे राहावे म्हणून थोडी झीज सोसण्याची आपल्या घराची तयारी आहे काय, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.