तुरुंगाच्या दारातील पहिली नोंद

येरवड्याचे कारागृह म्हटले की आपल्याला १९३२ चा पुणे करार आठवतो. मला मात्र १२ जानेवारी १९२४ ची रात्र अधिक बोलकी वाटते. त्या रात्री येरवड्याचे कैदी महात्मा गांधी यांच्यावर ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. कर्नल मॅडॉक यांचे काम चालू असतानाच वीज गेली आणि उरलेली शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पार पडली. कैदी साम्राज्याचा विरोधक होता. पण तो दगावला तर काय होईल, हे सरकार पुरते जाणून होते.

मित्रहो, ज्याच्या मरणाने कोणतेही सरकार हादरणार नाही, त्या कैद्याचे काय?

कैदी आत येताच त्याची लवकरात लवकर तपासणी व्हावी, प्रकृती, अंगावरील जखमा व खुणा आणि सक्तमजुरी असल्यास झेपेल ते काम वहीत नोंदवावे, असे १८९४ च्या तुरुंग कायद्यानेच सांगितले होते. वरवर पाहता हे कारकुनी काम. पण कोठडीत मार बसला असेल तर हीच नोंद साक्ष देते. दमा, क्षय वा मधुमेह असेल तर औषधाचा आधारही हीच. नाडीला हात न लावता ती भरली, की आजारी माणूस कागदावर ठणठणीत ठरतो. मग त्याच्या कण्हण्याला ‘ढोंग’ म्हणणे किती सोपे!

आपले पोट दुखले तर आपण दवाखाना गाठतो. कैद्याला आधी पहारेकऱ्याला पटवावे लागते, मग डॉक्टरांना. आणि बाहेरच्या रुग्णालयात जायचे तर पोलीस पहाऱ्याची वाट पाहावी लागते. तळोजा कारागृहातील फादर स्टॅन स्वामींचे हात कंपवाताने थरथरत. पाणी पिण्याच्या नळीसाठी ८३ व्या वर्षी, २०२० साली, त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी ते कच्चे कैदी म्हणूनच वारले.

“गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला?” असे कोणी विचारील. आपल्या देशात दर चार कैद्यांपैकी सुमारे तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. आणि ज्यांचा झाला, त्यांना न्यायाधीशांनी कैद सुनावली आहे, आजारपण नव्हे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : पहिली तपासणी खरोखर डॉक्टरनेच करावी आणि तिची एक प्रत कैद्याच्या हाती, एक त्याच्या घरी द्यावी. नाव नसलेल्या माणसाला निदान त्या कागदाचा तरी आधार हवा.